घरात सगळे ‘आजोबांची पेटी’ म्हणतात, पण वाजवत कोण होतं?

गावभागातली_नात

नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे, पण इथे जुन्या वाद्यांची माहिती असलेली मंडळी आहेत म्हणून सविस्तर लिहिते.

सांगलीत गावभागात आमचा वाडा आहे. तो आता पाडायला देणार आहोत. गेले तीन शनिवार मी पुण्याहून जाऊन सामान आवरते आहे. माजघरात, धान्याच्या कणगीशेजारी, एक पायपेटी आहे, म्हणजे पायाने भाता मारून वाजवायची हार्मोनियम. मी लहान असल्यापासून तिच्यावर गाद्यांचा ढीग पाहिलाय, त्यामुळे ती पेटी आहे हेही मला दहा-बारा वर्षांची होईपर्यंत माहीत नव्हतं. गाद्या काढल्या, झाकण उघडलं, पॅडल दाबलं, तर आतून फक्त फुस्स आवाज आला. झाकणाच्या आत कंपनीच्या नावाचा कागद होता, तो वाळवीने खाल्लाय.

घरात हिला कायम ‘आजोबांची पेटी’ म्हणतात. आजोबा वकील होते आणि नाटकवेडे होते. सांगलीत नाटकवेडं असणं यात नवल नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली पहिलं नाटक इथेच केलं, नाटककार देवल इथले, खाडिलकर इथले. आजोबा १९६३ साली गेले. आजी १९९४ पर्यंत होती, म्हणजे मी तिला चांगली एकोणीस वर्षं पाहिली. तिला मी देवघरात फुलं वाहताना गुणगुणताना ऐकलंय, त्यापलीकडे काही नाही.

आता विचारायचं ते असं. पेटीच्या पोटात, भात्याच्या वरच्या फळीवर, एक जाड पुठ्ठ्याची वही सापडली. आत नाटकातली पदं आहेत आणि शब्दांच्या खाली सारेगम लिहिलंय. पहिल्या पानावर शके १८६१ आहे, म्हणजे १९३९-४०. आजीचं लग्न १९३८ साली झालं, सोळाव्या वर्षी. अक्षर मला आजीचं वाटतं, कारण लोणच्याच्या बरण्यांवरच्या चिठ्ठ्यांत ती ‘ल’ असाच काढायची. पण घरातले म्हणतात, आजोबांनी सांगितलं असेल आणि तिने उतरवून घेतलं असेल.

अजून एक गोष्ट. दोन्ही पॅडलवर साधारण दोन-अडीच इंच जाडीचे लाकडी ठोकळे खिळ्यांनी ठोकलेले आहेत. ते मूळचे वाटत नाहीत. कशासाठी असतील?

आमच्यासारख्या घरात पेटी आली कशी, बायका ती वाजवत होत्या का, आणि ही दुरुस्त होईल का? एक जण येऊन बघून गेला. तो म्हणाला, आतलं सगळं काढून टाकतो, वर काच बसवून छान टेबल होईल. मी त्याला परत पाठवलं.

---

सूरजुळणी

ताई, टेबल करू दिलं नाहीत, फार चांगलं केलंत. मी पुण्यात पेट्या दुरुस्त करतो. वडील हेच करायचे. माझं वय आता अडुसष्ट आहे, म्हणजे पन्नास वर्षं तरी दुसऱ्यांच्या पेट्यांच्या पोटात हात घालण्यात गेली. तेव्हा जे हाताला कळलंय ते सांगतो.

आधी ठोकळ्यांचं. पाय पोचत नसले की ठोकळे ठोकतात. दुसरं कारण मी पाहिलेलं नाही. तुमचे आजोबा उंचीला कसे होते?

पेटी घरात आली कशी, तर ती आधी नाटकात आली. हे यंत्र मूळचं फ्रान्सचं. पॅरिसच्या दबँ नावाच्या माणसाने १८४२ साली त्याचं पेटंट घेतलं. आपल्याकडे मिशनरी आणि साहेब लोकांबरोबर ते पोचलं. पुढे कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी पाय काढून टाकून मांडी घालून वाजवायची हातपेटी बनवली, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत. आपण जमिनीवर बसणारे लोक. एका हाताने भाता, एका हाताने पट्ट्या. ती खेडोपाडी गेली याचं अर्धं कारण तेवढंच आहे.

महाराष्ट्रात मात्र पायपेटीचा थाट वेगळा होता. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात संगीत नाटक उभं केलं आणि लोक पदांसाठी वेडे झाले. पुढे नाटक कंपन्यांत रंगमंचापुढे ऑर्गन आला, म्हणजे पायपेटीचाच एक प्रकार. गोविंदराव टेंब्यांसारखा पेटीवाला स्वतः नाटकाला चाली देऊ लागला, १९११ सालच्या ‘मानापमान’चं संगीत त्यांचं. नाटक बघून घरी आलेल्या माणसाला ते पद पुन्हा ऐकायचं असेल तर काय सोय होती? तबकडी महाग, आणि ती तीन-साडेतीन मिनिटांत संपायची. थेटरात पदांची छोटी पुस्तकं विकत मिळायची, त्यांत शब्द असायचे. चाल डोक्यात घेऊन यायची आणि पेटीवर शोधत बसायची. गायकाला गळा लागतो, सतार-तंबोऱ्याला जुळवता यावं लागतं. पेटीला तेही लागत नाही, पट्टी दाबली की सूर तयार. वकील, मास्तर, डॉक्टर, मामलेदार कचेरीतले कारकून यांच्या घरी पेटी गेली ती त्यामुळे.

तुमची पायपेटी कुठल्या जातीची, ते फोटो टाकलात तर सांगता येईल. अमेरिकेतल्या एस्टी, मेसन अँड हॅम्लिन या कंपन्यांचे ऑर्गन इथे बरेच यायचे. त्यात हवा बाहेर ढकलली जात नाही, आत ओढली जाते. म्हणून आवाज गोल आणि मऊ. हातपेटीचा आवाज अंगावर येतो, ऑर्गनचा खोलीत पसरतो.

आता एक काम करा. दुपारच्या उजेडात, दिवा न लावता, पट्ट्यांकडे तिरकं बघा. मधल्या सप्तकातल्या दोनच पट्ट्या बघायच्या आहेत, काळी तीन आणि पांढरी पाच. सप्तकात पाच काळ्या आणि सात पांढऱ्या, डावीकडून मोजायच्या. कारण सांगतो.

पुरुष साधारण काळी एक, काळी दोन अशा सुरात गातात. बायका काळी चार, काळी पाच. काळी एकला सा धरून शुद्ध स्वरांचं सप्तक वाजवलंत आणि काळी चारला सा धरून वाजवलंत, तर सातातल्या सहा पट्ट्या दोन्हीकडे त्याच लागतात. पेटीसमोर बसून मोजून बघा. फरक फक्त एका पट्टीचा. काळी एकच्या सप्तकात शुद्ध मध्यम (म) काळी तीनवर येतो. काळी चारच्या सप्तकात काळी तीन सुटते आणि शुद्ध निषादासाठी (नी) पांढरी पाच लागते. कोमल निषाद, तीव्र मध्यम यांच्यामुळे दुसरी पट्टीही थोडी वापरली जाते, पण पंधरा-वीस वर्षं वाजवलेल्या पेटीत फरक लपत नाही. पांढऱ्या पट्टीवर नखाने पन्हाळ पडते. काळीचा रंग उडून लाकूड दिसतं.

घरातले काय म्हणतात ते राहू द्या. पट्ट्या काय म्हणतात ते बघून इथे लिहा.

---

दुपारचा_सारंग

सूरजुळणी यांनी पट्ट्या बघायला सांगितल्या, मी वही बघायला सांगते. मी सोलापूरला शाळेत संगीत शिकवत होते, आता निवृत्त आहे.

शब्दांखालचं स्वरलेखन कुठल्या पद्धतीचं आहे ते बघा. मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकाच्या स्वराच्या डोक्यावर टिंब असेल आणि कोमल स्वराचा पाय मोडलेला असेल, तर ती पलुस्करांची पद्धत. मंद्राला खाली टिंब आणि कोमल स्वराखाली आडवी रेघ असेल, तर भातखंड्यांची. हे कळलं की वही लिहिणारी व्यक्ती कुणाच्या हाताखाली शिकली याचा माग लागतो. नाटक बघून, ऐकून पेटी वाजवणारा माणूस सहसा असं टिंबं देऊन लिहीत बसत नाही. त्याला लागतच नाही. स्वरलेखन करणारा कुणापाशी तरी बसून शिकलेला असतो.

आजीचं माहेर कुठलं? मिरज असेल तर मला आश्चर्य वाटणार नाही. विष्णु दिगंबर पलुस्कर मिरजेलाच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले. १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, १९०८ साली मुंबईला. त्यांचं मोठं काम माझ्या मते हे, की गाणं शिकणं ही घरंदाज माणसाने, आणि मुलीनेही, उजळ माथ्याने करायची गोष्ट झाली. त्याआधी गाणाऱ्या बाईकडे समाज कसा बघायचा ते वेगळं सांगायला नको. पलुस्करांच्या शिष्यांनी गावोगाव क्लास काढले, छापील पुस्तकं आली, त्यांच्या पश्चात १९३१ साली गांधर्व महाविद्यालय मंडळ झालं, परीक्षा आल्या. परीक्षेचं प्रमाणपत्र भिंतीवर लावता येतं. ते बघून आईबाप मुलीला क्लासला पाठवायला तयार झाले.

पण पाठवत कशासाठी होते? मुलगी बघायला आले की विचारायचे, ‘गाणं येतं का?’ भरतकाम, रांगोळी, आणि एक भजन किंवा नाट्यपद. मी स्वतः तशी बसले आहे. १९६९ साली गाण्याची मध्यमा परीक्षा झाले होते. समोर चार पुरुष, दोन बायका, मांडीपुढे पेटी, आणि घामाने बोटं पट्टीवरून घसरत होती. ‘आवाज छान आहे हो’ म्हणाले. लग्न झालं. सासरी तिसऱ्या दिवशी पेटी काढली तर सासूबाई हळूच म्हणाल्या, ‘इकडे कोणी ऐकलं तर काय म्हणतील?’ त्या वाईट नव्हत्या. त्यांना खरंच भीती वाटत होती. ज्या गाण्यावर मला पसंत केलं, ते गाणं उंबऱ्याच्या आत आल्यावर कुठे ठेवायचं हे त्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

मी दुपारी गायचे. पुरुष कामावर, मुलं शाळेत, सासूबाई झोपलेल्या. दोन ते चार. सकाळचे राग मी त्या घरात बावीस वर्षं सकाळी गायले नाहीत. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलींच्या आया मला सांगायच्या, बाई, मीही शिकले होते, पण आता आठवत नाही. आठवत असायचं. मुलीला घरी तालीम देताना त्याच तिला चुका सांगायच्या.

तुमच्या आजीच्या वेळा काय होत्या, ते सांगणारं कुणी आहे का अजून? लवकर विचारा.

---

गाळा_नंबर_सात

चर्चा छान चाललीय, पण पेटी म्हणजे वाडा, वकील आणि नाट्यपद एवढंच चित्र राहू नये म्हणून लिहितो.

आम्ही मूळचे मालवणकडचे, वाढलो परळला गिरणीच्या चाळीत. आमच्या गाळ्यात गावचे चौदा बाप्ये राहायचे. पाळीप्रमाणे झोपायला जागा. एवढ्या माणसांत एक पेटी होती आणि ती कुणा एकाची नव्हती, भजनी मंडळाची होती. दर पगाराला वर्गणी काढून घेतलेली. पेटी, पखवाज, टाळांचे जोड, सगळं एका लोखंडी पेटाऱ्यात, किल्ली बुवांकडे. शनिवारी रात्री भजन. पहिली पाळी करून आलेला माणूस आंघोळ करून बसायचा आणि दुसऱ्या पाळीचा माणूस सुटून बाराला येऊन कोरसात मिसळायचा. गणपतीला पेटी गावाला जायची, बोटीत मांडीवर घेऊन. लाटेचं पाणी लागू नये म्हणून घोंगडीत गुंडाळलेली.

यातल्या कुणालाच सारेगम लिहिता येत नव्हतं. माझ्या वडलांना सहीपुरतं लिहिता यायचं. पण डबलबारीला, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्यात, समोरच्या बुवाने घातलेली नवी चाल ते तिथल्या तिथे पेटीवर काढायचे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, गाळे रिकामे व्हायला लागले. आमची पेटी कुणीतरी गावी नेली, ती तिथे देवळात आहे आणि अजून वाजते.

आणि बायकांचं म्हणाल, तर माझी आजी जन्मात पेटीला शिवली नाही. तिचं वाद्य म्हणजे जातं. पहाटे दळताना ओवी. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून अशा लाखभर ओव्या गोळा केल्यात. त्यात भाऊ आहे, माहेर आहे, विठ्ठल आहे, बाबासाहेब आहेत. गिरणी गावात आली, दळण तिकडे गेलं, ओवी थांबली. गळे तेच होते, पहाटेचं काम गेलं.

---

गावभागातली_नात

तुम्हा सगळ्यांची मनापासून आभारी आहे. काल सांगलीला जाऊन आले. क्रमाने सांगते.

आजोबा सहा फूट होते, सूरजुळणी काका. फोटोत ते दाराच्या चौकटीला लागतात. आजी माझ्या खांद्याला यायची, आणि मी स्वतः पाच फूट दोन इंच. ठोकळ्यांवर पाय ठेवून मी पेटीपुढच्या स्टुलावर बसले, तर गुडघे बरोबर काटकोनात आले.

पट्ट्या बघितल्या. पांढरी पाचवर, पट्टीच्या पुढच्या कडेपासून बोटभर आत, पन्हाळ आहे. नख ठेवलं की बसतं. काळी तीनचाही रंग उडालाय, पण फक्त टोकाला. शेजारची काळी चार मात्र निम्मी तांबूस झालीय, आतलं लाकूड वर आलंय.

वहीत मंद्राच्या स्वरावर डोक्यावर टिंब आहे आणि कोमल ग, कोमल नी यांचे पाय मोडलेले आहेत. दुपारचा सारंग ताई, माहेर मिरजेचंच.

मी वही आता नीट वाचली. प्रत्येक पदाच्या वर उजव्या कोपऱ्यात बारीक ‘का. ४’ किंवा ‘का. १’ लिहिलंय. मला आधी ते पानाचे आकडे वाटले होते. सगळी मिळून ४३ पदं. ३१ वर ‘का. ४’ आहे, १२ वर ‘का. १’. अक्षर सगळीकडे एकच.

मग आत्याला फोन लावला. ती नागपूरला असते, ऐंशी पूर्ण झाली. मी विचारलं, आई पेटी वाजवायची का? ती म्हणाली, ‘म्हणजे काय? आईच वाजवायची. दादांना कुठे येत होती?’ इतक्या सहज म्हणाली की मला पुढे बोलायला सुचेना. मी म्हटलं, मग सगळे आजोबांची का म्हणतात? ती म्हणाली, ‘विकत त्यांनी आणली ना.’

आत्याने सांगितलेलं थोडक्यात. आजीच्या भावाला शिकवायला मिरजेत घरी मास्तर यायचे. ती शेजारी बसून भाजी निवडायची. भावाला जमेना, तिला जमायचं. मास्तरांनी मग दोघांना बसवलं. लग्न झाल्यावर आजोबांनी पेटी आणली ती त्यांना पदं म्हणायची हौस म्हणून, आणि साथ आजीने करायची. रात्री जेवणं झाली की आजोबा झोपाळ्यावर आणि आजी पेटीवर. चार मित्र आले की मात्र पेटी ओसरीवर न्यायची आणि वाजवायला नाटकातला एक पेटीवाला बोलवायचा. आजी आत चहाला. आणि दुपारी, आजोबा कोर्टात गेले की, आजी स्वतःसाठी गायची. माजघराचं दार लोटून. आत्या तेव्हा उंबऱ्यावर बसून अभ्यास करायची, कुणी आलं तर सांगायला.

शेवटची काही पानं वेगळी आहेत. स्वर नाहीत, नुसते शब्द, घाईत लिहिलेले, मध्ये मोकळ्या जागा, आणि त्या जागा नंतर निळ्या शाईने भरलेल्या. पानावर १९५५ आहे. हे काय असेल?

१९६३ नंतर पेटी उघडली का, हेही मी विचारलं. आत्या म्हणाली, ‘दादा गेल्यावर त्याच महिन्यात तिने माझ्याकडून गाद्या तिच्यावर ठेवून घेतल्या. मी एकोणीस वर्षांची होते. मी ठेवल्या.’

---

दुपारचा_सारंग

१९५५ ची पानं म्हणजे गीतरामायण. पुणे आकाशवाणीवर १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीला, सुरू झालं आणि वर्षभर दर आठवड्याला एक नवं गीत, अशी छप्पन्न गीतं झाली. माझी आई रेडिओपुढे पाट मांडून वही-पेन्सिल घेऊन बसायची. एका ऐकण्यात सगळे शब्द मिळत नाहीत, म्हणून जागा सोडायची. पुन्हा लागलं की भरायच्या, नाहीतर शेजारणीकडून घ्यायच्या. तिच्या वहीतही अशाच मोकळ्या जागा आहेत आणि दोन अजून रिकाम्या आहेत. घराघरात लोक ती गीतं नुसती ऐकत नव्हते, उतरवून घेऊन म्हणत होते.

त्या गाद्यांबद्दल मला काही लिहिता येत नाही. आत्याबाईंना माझा नमस्कार सांगा.

---

सूरजुळणी

ताई, तुमची पोस्ट मी मुलाकडून दोनदा मोठ्याने वाचून घेतली.

पट्ट्यांचा हिशेब तुमच्या आत्याबाईंशी तंतोतंत जुळतो. ‘का. १’ म्हणजे काळी एक, ही आजोबांची बारा पदं, ‘का. ४’ म्हणजे काळी चार, ही आजींची. काळी तीन टोकाला झिजली कारण साथ करताना बोट वरचेवर पडतं, आणि रोज नाही, रात्री कधीतरी. पांढरी पाचवर पन्हाळ पडायला रोजची तासनतास मेहनत लागते. निषादावरून षड्जावर (सा) जाताना बोट जरा थांबतं, सरकतं, तिथेच ती पडते. मी शेकडो पेट्या उघडल्यात. बायकांनी वाजवलेल्या पेट्या त्यात किती होत्या, हे मी कधी मोजलं नाही. गिऱ्हाईक म्हणून दुकानात पुरुष यायचा, पावती त्याच्या नावाने व्हायची. वडलांच्या वह्या माझ्याकडे आहेत, सगळी नावं पुरुषांची. आता वाटतं, पावतीऐवजी पट्ट्या बघून नोंद ठेवायला हवी होती.

अजून एक ध्यानात घ्या. आजींच्या वहीचा काळ १९३९ पासूनचा. १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली. का, तर तिचे सूर ठरीव, मींड (सुरावरून सुरावर सरकत जाणं) नाही, श्रुती (सुरांमधले बारीक भेद) नाहीत. म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. पेटीचा गंधार (ग) चढा असतो, तंबोऱ्याशी लावलात तर कानाला टोचतो. तुमच्या सांगलीच्याच कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१० साली बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिलं आणि मग क्लेमंट्स नावाच्या जज्जसाहेबांबरोबर श्रुतींची पेटी करवली. पण घरात असली पेटी कोण घेणार? बंदी १९७१ मध्ये सैल झाली. म्हणजे आजी ज्या वर्षांत दार लोटून वाजवत होत्या, त्या जवळजवळ सगळ्या वर्षांत रेडिओवर हे वाद्य ऐकू येत नव्हतं. ते जगलं ते नाटकात, भजनात आणि अशा माजघरांत.

आता दुरुस्ती. होईल, नक्की होईल. फुस्स आवाज म्हणजे भात्याचं कापड-चामडं गेलंय, उंदीर किंवा वय. ते बदलता येतं. सूर, म्हणजे आतल्या पितळी जिभा, बहुतेक शाबूत असणार. पितळ सहसा मरत नाही, धुळीने गप्प होतं. तीन गोष्टी पाळा.

तेल, स्प्रे, काहीही आत मारू नका. ज्यांनी मारलं त्यांच्या पेट्या मी रडत साफ केल्यात.

ऑर्गनचे सूर खाचेत बसवलेले असतात, हुकाने ओढून निघतात. जो कोणी काढेल त्याला काढताक्षणी प्रत्येक सूर कागदावर क्रमाने ठेवायला सांगा. सूर घासायचे असतील तर शेवटी, आणि अगदी थोडे. जिभेचं टोक घासलं की सूर चढतो, मूळ घासलं की उतरतो, आणि घासलेलं पितळ परत येत नाही. सगळे सूर मिळून थोडे चढे-उतरे असतील तर तसेच राहू द्या.

तिसरी गोष्ट महत्त्वाची. कुणीही कारागीर म्हणेल, ताई, पट्ट्या फार झिजल्यात, नवीन प्लास्टिक लावून देतो, चकाचक दिसेल. लावू देऊ नका. ठोकळेही काढू देऊ नका. हे त्याला काम देण्याआधी लिहून द्या, नुसतं तोंडी सांगू नका.

मला सांगलीपर्यंत प्रवास आता झेपत नाही. पण पेटी पुण्याला आणलीत तर मुलगा भाता करेल आणि सूर मी स्वतः बघेन. आणताना उभीच आणा. आडवी करू नका.

---

गावभागातली_नात

काका, पेटी पुढच्या गुरुवारी टेम्पोने उभीच पुण्याला आणते आहे. बरोबर आत्याही नागपूरहून येतेय. तिला उंबऱ्यावर बसून ऐकलेली ‘का. ४’ मधली पंधरा-सोळा पदं पाठ आहेत असं ती म्हणते. वहीतल्या एका पानावर स्वर लिहिलेत पण शब्द पुसले गेलेत, ते तिला विचारायचे आहेत. भाता तयार झाला की कळवा, आम्ही दोघी येतो. दुपारी दोननंतर चालेल का?